तुम्ही विचारलंत म्हणून: २८ रुपयांचा जुना सिनेमा

परभणीत माझं सीडी-कॅसेटचं दुकान होतं हे ज्यांना ठाऊक आहे, ते हमखास विचारतात: जुन्या सिनेमांच्या सीडी स्वस्त झाल्या म्हणून खपल्या, की लोकांना मुळातच जुन्याची आवड होती? आवड होतीच. आमच्या मराठवाड्यात ती कधी कमी नव्हती. पण आवड आणि खिसा यांच्यामध्ये किंमत आडवी येत होती.

२००७च्या आधी माझ्याकडे ओरिजिनल व्हीसीडी, म्हणजे सिनेमाची साधी सीडी, शंभराच्या आसपास असायची, डीव्हीडी त्याहून बरीच महाग. रस्त्यावरचा डुप्लिकेटवाला एका डीव्हीडीत तीन सिनेमे भरून तीस-चाळीसला द्यायचा. मग कोऱ्या सीडी बनवणारी मोजर बेअर कंपनी या धंद्यात उतरली. व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना! नव्या सिनेमाचं गिऱ्हाईक यानं फारसं हललं नाही. त्याला शुक्रवारचा सिनेमा शनिवारी पाहिजे असतो, तो डुप्लिकेटवाल्याकडेच मिळायचा. वाढला तो जुन्याचा खप.

का, ते सांगतो. भाव उतरायच्या आधीची गोष्ट. गंगाखेडकडचे एक वयस्क गृहस्थ आषाढीच्या तोंडावर ‘संत तुकाराम’ मागायला आले. प्रभातचा १९३६चा सिनेमा, सव्वादोन तासांच्या आतबाहेर. व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून डबीत दोन सीडी. त्यांनी डबी उलटी केली, किंमत वाचली आणि काउंटरवर परत ठेवली. “भाड्यानं नाही का भेटत?” भाडं होतं दिवसाला दहा रुपये. पण भाड्याची सीडी परत करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीनं यायचं. त्यात लोडशेडिंग. सीडी नेली त्या रात्री गावात लाईट असेल याचा काय भरवसा? ते तसेच गेले.

परभणीतला माणूस २८ रुपयांची तुलना दहा रुपयांच्या भाड्याशी करायचा आणि भाड्यानं न्यायचा. खेड्यातला माणूस भाड्यात एसटीचं तिकीट मिळवायचा, वर बुडालेला दिवस धरायचा. त्याच्या हिशोबानं २८ला विकत घेणंच स्वस्त. शिवाय सीडी घरची असली की लाईट येईल तेव्हा लावता येते, सून-नातवंडांना दाखवता येते. नवा सिनेमा माणूस एकदा बघतो. जुना दर सणाला लावतो. त्यामुळे जुन्या सिनेमाचा भाव भाड्याच्या जवळ आणला की तो विकला जातो, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतही तेच झालं. तिथं सिनेमाची व्हिडिओ कॅसेट ऐंशी डॉलरच्या घरात असायची, म्हणजे भाड्यानं देणाऱ्या दुकानदारानंच घ्यावी अशी. पॅरामाउंट या सिनेमा कंपनीनं १९८२ साली ‘स्टार ट्रेक’ सिनेमाचा दुसरा भाग ३९.९५ डॉलरला काढला आणि लोक घरी ठेवायला कॅसेट घेऊ लागले.

पण स्वस्ताईची दुसरी बाजू मी रोज बघत होतो, आणि तिचा मला राग यायचा. काही कंपन्या मिळेल ती झिजलेली प्रिंट उचलून सीडीवर चढवायच्या. चेहरे ओढल्यासारखे, गाण्यात खरखर, मध्येच रीळ तुटल्यासारखी उडी. जुन्या सिनेमाचा निर्मितीखर्च केव्हाच निघालेला असतो हे खरं, पण प्रिंट शोधणं, धुणं, एकेक फ्रेम दुरुस्त करणं याला पैसा लागतो, आणि तो २८ रुपयांतून निघत नाही. एकदा २८चा भाव डोक्यात बसला की नीट केलेल्या प्रतीचे तीनशे द्यायला गिऱ्हाईक तयार होत नाही.

म्हणून माझ्या मते एकाच सिनेमाला दोन भाव हवेत. अमेरिकेतली क्रायटेरियन कंपनी जुने सिनेमे निगुतीनं दुरुस्त करून महागच विकते. पण तिकडच्या एका मोठ्या पुस्तक-दुकान साखळीत जुलै आणि नोव्हेंबरमध्ये ते निम्म्या किमतीत मिळतात, आणि ज्यांना मूळ भाव परवडत नाही ते तोवर थांबतात.

आता मोजर बेअर दिवाळखोरीत जाऊन बंद झाली, माझंही दुकान राहिलं नाही, आणि जुने सिनेमे मोबाइलवर फुकट दिसतात. त्यातले कितीतरी त्याच झिजलेल्या प्रिंटवरून चढवलेले. प्रभातचे सिनेमे कुणी नीट स्वच्छ करून देखण्या पेटीत घालून काढले तर मी हजार रुपयेसुद्धा देईन. मात्र त्याच स्वच्छ प्रिंटची साधी, बिनपेटीची प्रत पन्नास रुपयांत गंगाखेडच्या बाजारातही मिळाली पाहिजे.