आम्हाला मिंट, स्वतःला डेबियन?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची अपडेट थांबली आणि माझ्याकडे एकच प्रश्न येत राहिला. जुना लॅपटॉप धडधाकट आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही, तर लिनक्स कुठलं टाकू? मी सांगते, मिंट. मग दोन सेकंद शांतता, आणि मागोमाग ठरलेलं वाक्य: ‘पण तुम्ही तर डेबियन वापरता ना?’ स्वतःच्या घरी वेगळं तेल वापरणाऱ्या दुकानदाराला विचारावं तसा सूर.

तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सगळं लिहून टाकते. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, मिंट आणि डेबियन हे तिचे दोन प्रकार, एवढं पुरे; ते फुकट का, हे तुम्हाला माहीत आहे. ते सोडते.

मी काही कॉम्प्युटरवाली नाही. घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. २००८ साली उबुंटू या लिनक्सवाले पोस्टानं फुकट सीडी पाठवायचे, तशी एक मागवली, तिथून हा नाद. मिंट सांगते कारण ते उबुंटूच्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीवर उभं आहे, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि पहिल्या दिवशी काही शोधत बसावं लागत नाही. यात माझा छुपा हेतू नाही.

पूर्वी मी मात्र वेगळंच सांगायचे. ‘डिस्ट्रो कुठलाही घ्या हो, ॲप्ट असलं की झालं.’ डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा प्रकार, ॲप्ट म्हणजे प्रोग्राम आणून बसवणारं साधन. पाच-सहा जणांना तरी हे ऐकवलं असेल. आज ते आठवलं की कानकोंडं होतं. ॲप्ट काय, फेडोराचं डीएनएफ काय, आर्चचं पॅकमॅन काय (फेडोरा, आर्च हे आणखी दोन डिस्ट्रो), तिघंही मागितलेलं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, आणतात, त्याला लागणारी बाकीची आणतात आणि काही जुळलं नाही तर अडतात किंवा ते काढायला निघतात. आज्ञा वेगळ्या, काम तेच. फरक असतो तो मागच्या रेपोचा, म्हणजे पॅकेजं जिथून येतात त्या कोठाराचा. तिथे नवी वस्तू कधी ठेवायची, ती कुणी तपासायची, किती दिवस हलवायची नाही, हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं असतं. डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षांनी निघतं आणि मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर जवळजवळ जागचं हलत नाही. हे मला वाचून माहीत होतं. समजलं फेब्रुवारी २०२२ मध्ये.

तेव्हा माझ्याकडे डेबियन ११ होतं, त्यात लिहिण्या-तपासण्यासाठी लिबरऑफिस ७.०. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका पुस्तकाची शेवटची प्रुफं द्यायची होती. लेखकानं फाइलमध्ये इतक्या टिपा घातल्या होत्या की समासात त्या एकमेकींवर चढत होत्या. नव्या आवृत्तीत हे बरं दिसतं, असं कुठेतरी वाचलं. रात्रीचे साडेअकरा. रेपोच्या यादीत मी एक ओळ वाढवली, सिडची. सिड म्हणजे डेबियनची कच्ची शाखा, जिथे नवी पॅकेजं आधी येऊन पडतात. स्टेबलमध्ये ती मिसळू नका, असं डेबियनच्याच विकीवर स्पष्ट लिहिलंय आणि अशा खिचडीला त्यांनी ‘फ्रँकनडेबियन’ असं नावही ठेवलंय. मी ते पान वाचलं, पण नंतरच्या आठवड्यात.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबरऑफिस. एंटर. पडद्यावरून नावांचा लोंढा सरकला. शेवटच्या ओळीत आकडे होते: इतकी अपग्रेड, इतकी नवी, ८३ काढणार. पुढे वाय की एन, म्हणजे हो की नाही.

मी वाय दाबलं.

इथे थोडं थांबते, कारण मला सतावतं ते हेच. माझं पोट वाचण्यावर चालतं. ‘पाणि’ आणि ‘पाणी’ मधली वेलांटी मला पान उलटतानाही दिसते. अनुक्रमणिकेतला पृष्ठक्रमांक चुकलेला असेल तर हाताला कळतो. आणि त्या बाईनं ८३ नावं न वाचता हो म्हटलं. त्यात एक्सएफसीई होतं, म्हणजे माझा सगळा डेस्कटॉप. लाइटडीएम होतं, म्हणजे लॉगिनचा पडदा. नेटवर्क मॅनेजर होता, म्हणजे इंटरनेटची जोडणी. ॲप्टनं काहीही लपवलं नव्हतं. ‘ही काढली जातील’ असं म्हणून त्यानं एकेक नाव छापलं होतं.

रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन असं आलं. पासवर्ड टाकून आत गेले. फाइली शाबूत असणार हे माहीत होतं, म्हणून धीर धरून यादी काढली. आणि तिथे मात्र धीर सुटला. त्या साध्या कन्सोलला देवनागरी येत नाही. माझ्या फाइलींची नावं सगळी मराठीत: प्रकरण चार, प्रकरण चार सुधारित, प्रकरण चार सुधारित नक्की. पडद्यावर नुसत्या ठोकळ्यांच्या रांगा. कुठली रांग लांब, कुठली आखूड, एवढंच कळत होतं. आयुष्यभर अक्षरं तपासली आणि नेमक्या वेळी एक अक्षर दिसेना.

दीड वाजता भाच्याला फोन केला. तो पुण्यात असतो आणि आर्च वापरतो.

‘मावशी, यादी वाचली नाहीस?’

‘अरे, ते नंतर बोल.’

त्यानं पेन ड्राइव्ह लावायला सांगितला, मग एकेक अक्षर उच्चारून माउंटची, म्हणजे तो ड्राइव्ह उघडण्याची, आज्ञा टाइप करून घेतली. नशीब एवढंच की बाहेरच्या फोल्डरचं नाव रोमन लिपीत ‘काम’ होतं. आख्खा फोल्डर कॉपी केला, कारण निवडून घेण्यासारखं काही दिसतच नव्हतं. फोन यूएसबीनं जोडून इंटरनेटही मिळवलं, पण डेस्कटॉप परत आणायला गेलं की ॲप्ट आणखी काहीतरी काढायला मागायचं. तीनला भाचाच म्हणाला, ‘झोप आता.’ सकाळी नणंदेच्या विंडोजवर बसून काम उरकलं, प्रुफं बाराला गेली. दोन तास उशीर कुणाच्या लक्षातही आला नाही. मला ते जास्तच लागलं.

रविवारी नव्यानं इन्स्टॉल केलं. डेबियनच. आता बोला.

मला येणारे सल्ले सगळे बरोबर होते. मिंट घे म्हणाले, बरोबर. आर्च घे म्हणाला भाचा, तेही एका अर्थी बरोबर, कारण आर्चवर लिबरऑफिस जुनं राहिलंच नसतं. तिथे अर्धवट अपग्रेड चालत नाही, करायचं तर सगळं एकदम. तो दर आठवड्याला करतो आणि करण्याआधी आर्चच्या पानावरच्या सूचना वाचतो. वाचतो, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी डेबियनच परत टाकलं ते विचार करून नव्हे. हरून निघून जायचं नव्हतं. शिवाय बिघडवायची एक वाट आता पाठ झाली होती. दुसरीकडे सगळ्या वाटा नव्यानं शोधाव्या लागल्या असत्या. हे कारण लंगडं आहे, कबूल. पुढे कळलं की बॅकपोर्ट्स नावाची सोय आहे, स्टेबलवाल्यांसाठीच नवी पॅकेजं बांधून ठेवलेली असतात. फ्लॅटपॅकही होतंच, बाकीच्या सिस्टिमला धक्का न लावता नवं लिबरऑफिस देणारं. म्हणजे त्या रात्री दोन सरळ दारं उघडी होती आणि मी भिंत फोडत होते.

(नव्या इन्स्टॉलनंतर माझे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू लागले, तो वेगळाच वैताग. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की ते जागेवर येतात. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात.)

मग तुम्हाला मिंट का? कारण तुम्ही मला रात्री दीडला फोन करणार आहात, आणि माझ्याकडे भाचा एकच आहे. हे थोडं चिडून लिहिलंय, पण खोटं नाही. मात्र मिंटवरही ॲप्टच आहे, आणि रेपोच्या यादीत तिथेही कुणी ओळ वाढवू शकतं. तेव्हा मी तुम्हाला वाचवतेय की आपली झोप, ते मलाच नीट सांगता येत नाही.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. परवा अपग्रेड करायला घेतलं. या वेळी यादी फाइलमध्ये उतरवून घेतली, छापली, पेन्सिल घेऊन बसले. ‘लिबग्लिब’ ही लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्राम ज्याच्यावर उभे असतात असा तुकडा, जाणार असं दिसलं आणि पोटात गोळा आला. खाली तिचंच नाव शेवटी टी६४ लावून येणाऱ्यांत होतं. भाच्याला विचारलं. म्हणाला, २०३८ साली ३२ बिटांत मोजलेली वेळ संपते, त्यासाठी लायब्रऱ्या नव्यानं बांधल्यात, म्हणून नावं बदललीत, काही होत नाही, वाय दाब.

कळलं, म्हटलं. फोन ठेवला आणि एन दाबलं.