गणिताची कादंबरी मागणारा वाचक

आमच्या गावच्या वाचनालयात गणिताचं पुस्तक मागायला कोणी आलं की ते स्पर्धा परीक्षेचंच, हे ठरलेलं. मागच्या कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या काट्यावर बसणारे एक काका टेबलापाशी आले नि म्हणाले, "ताई, गणिताची कादंबरी असते का? गाइड नको, मले परीक्षा नाही द्यायची." मी दाखल रजिस्टर बंद करून उठलेच.

लोकांना वाटतं गणिताचं कपाट उघडलं की झालं. तसं नसतं. पुस्तकांना विषयवार नंबर देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात गणित 510 ला, गणिती कोडी 793.74 ला म्हणजे खेळांच्या शेजारी, गणितज्ञांची चरित्रं चरित्रांत आणि मराठी कादंबरी असेल तर ती 891.463 ला. एकाच आवडीची पुस्तकं चार ठिकाणी, आणि 510 मध्ये उरतात गाइडं! मी वर्गीकरण मन लावून करते, नुसता दाखल नंबर टाकून मोकळं होणं मला पटत नाही, पण या चार कपाटांतून वाचकाला फिरवायला माणूसच लागतो, आणि वाचनालयात माणसावर खर्च करायचा म्हटलं की सगळ्यांचे हात आखडतात.

आधी अच्युत गोडबोले आणि माधवी ठाकुरदेसाईंचं 'गणिती' दिलं. परत आणताना म्हणाले, "माणसं लय भारी हायेत, पण मले हातानं काही करून पाहाले पायजे." मग मी कापरेकरांचं सांगितलं, देवळालीचे शाळामास्तर, त्यांची 6174 ही संख्या. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच, शेवटी 6174 च येतं. काकांनी खिशातून काट्याची पावती काढली, वजन 2340 किलो. 4320 वजा 0234, 4086. मग 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या वजाबाकीला 6174! जास्तीत जास्त सातच लागतात, म्हणजे त्यांच्या पावतीनं शेवटपर्यंत ताणलं होतं. काकांनी एकही वजाबाकी मला करू दिली नाही.

कादंबरी मात्र माझ्याकडे इंग्रजीच होती, अपोस्तोलोस डॉक्सियाडिस यांची 'अंकल पेट्रोस अँड गोल्डबाख्स कंजेक्चर'. ती मी रोज थोडी थोडी मराठीत सांगितली. दोनापेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाख या गणितज्ञाच्या 1742 च्या पत्रापासून चालत आलंय आणि अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. इंग्रजी आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, दोन वर्षांची मुदत दिली, ते कोणालाच मिळालं नाही. गोष्टीतला पेट्रोस यापायी आयुष्य घालवतो नि घरचे त्याला वाया गेलेला समजतात. काका म्हणाले, "मंग घरचे चुकले."

अशी पुस्तकं घेऊ म्हटलं तर समितीतले एक सदस्य म्हणाले, काट्यावरच्या माणसाला गणिताची कादंबरी कशाला, त्या पैशात दोन रहस्यकथा येतील. मला याचा फार राग आला, अजून गेला नाही.

कारण नंतर काका पावत्यांच्या मागं गोल्डबाखच्या मूळ संख्यांच्या जोड्या लिहून घेऊन आले. 100 च्या सहा निघतात, 3 नि 97, 11 नि 89, 17 नि 83, 29 नि 71, 41 नि 59, 47 नि 53. "पण ताई, 98 च्या तीनच हायेत. 19 नि 79, 31 नि 67, 37 नि 61. असं कमी-जास्त कायले होते?"

हे गोष्टीसारखं उलगडून सांगणारं मराठी पुस्तक कोणाला माहीत असेल तर सांगा, मी शोधतेय.