आईने काच ओळखली नाही

रविवार, रात्री

"छान झालंय गं. काच कुठनं आणलीस, बोहरी आळीतनं?"

एवढंच म्हणाली आई. मग चहाचं आधण ठेवायला आत गेली. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

मी केलेल्या सनकॅचरमधली, म्हणजे खिडकीत टांगायच्या रंगीत काचेच्या नक्षीतली, निळी काच आमच्या जुन्या वाड्यातली आहे. माडीच्या पूर्वेकडच्या दारावर जी अर्धगोल कमान होती, तिच्यातली. वाडा उतरवताना तिथल्या कामगाराने गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिली होती. त्या दिवसाबद्दल आत्ता लिहीत नाही.

मुद्दाम सांगितलं नाही आईला. सांगितलं असतं तर "हो का?" म्हणाली असती, आणि मला ते "हो का" नको होतं. तिने खिडकीशी यावं, बघावं आणि आपण होऊन म्हणावं, अगं, ही तर आपली! त्या घरात ती पस्तीस वर्षं राहिली. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

जुनी काच कापणं सोपं नसतं. जाडी सगळीकडे सारखी नसते. रेघ एकदाच मारायची, कटर उचलायचा नाही आणि त्याच रेघेवरून पुन्हा फिरवायचा नाही. रेघ नीट उठत असेल तर आवाज येतो, बारीक, सलग, कोरडा. खालच्या बाजूने हलकेच ठोकलं की रेघेखाली चीर चमकत पुढे सरकते. त्या क्षणी मी श्वास रोखून धरला होता, कारण बाजारातून आणलेली लाल-पिवळी काच फुटली तर दुसरी मिळते, ही मिळणार नव्हती. मग पाणी सोडत कडा घासल्या. काच तीन मिलिमीटरची, तिच्या कडेला गुंडाळायची तांब्याची चिकटपट्टी साडेपाचची, म्हणजे दोन्ही अंगांना सव्वा-सव्वा मिलिमीटर दुमडायला मिळते. तेवढ्यावरच सगळं धरायचं असतं. फ्लक्स लावून वर डाख, म्हणजे वितळलेलं कथील-शिसं, ओतायचा. कल्हईवाला नवसागर टाकायचा ना, तसंच. तांब्यावरचा मळ गेल्याशिवाय कथील धरत नाही. डाखात शिसं असतं, म्हणून नंतर हात चांगले घासून धुवायचे. पद्धत न्यूयॉर्कच्या टिफनीच्या नावाने ओळखली जाते, त्याच्या रंगीत काचेच्या दिव्यांमुळे. माझ्यासाठी ती वाड्याची कमान होती, तळहाताएवढी केलेली. आकारही तोच ठेवला, पाकळ्या तशाच.

आणि आई म्हणते बोहरी आळी.

दुपारी फार वाईट वाटलं. वाड्याचं मनात धरून बसणारी मी एकटीच उरले की काय, असं. दादाने तर तेव्हाच हात झटकले. बाबा असते तर... जाऊ दे.

पण चैन पडेना. संध्याकाळी ती मेथी निवडत होती, तेव्हा शेजारी बसून सांगून टाकलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली. उठून खिडकीशी गेली, पुन्हा बघून आली.

"निळी? निळी कुठे होती त्यात? लाल होती, पिवळी होती."

"अगं, चांगल्या तीन निळ्या होत्या. सकाळी गादीवर निळे पट्टे पडायचे."

"सकाळी मी माडीवर कधी असायचे गं? नळ जायच्या आत पाणी भरायचं, मग धुणं. चौकातून वर बघितलं की सगळ्या काळ्याच दिसायच्या. रात्री भांडी घासायला बसले की वर तुमचा दिवा लागलेला असायचा. तेव्हा दिसायच्या लाल-पिवळ्या. छान दिसायच्या."

मी गप्पच झाले. खरं आहे तिचं. रंगीत काचेचा रंग तिच्यातून आरपार येणाऱ्या उजेडाचा. ज्या बाजूला अंधार जास्त, तिथेच उभं राहून तो दिसतो. मुंबईत ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवरकडे भर दुपारी बघा. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या खिडक्या बाहेरून मळकट काळ्या दिसतात, रंग आत गेल्यावरच. आणि माडीवर तेव्हा साधा पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात निळा अंश फारच थोडा. कोबाल्टची गडद निळी काच त्याच्यापुढे जवळजवळ काळीच राहते. लाल आणि पिवळी मात्र पेटल्यासारख्या दिसतात.

म्हणजे एकाच कमानीखाली राहून आईने एक कमान बघितली आणि मी दुसरी. माझी निळी, तिची लाल-पिवळी. तिची बघायला दिवसाचं सगळं काम उरकावं लागायचं, आणि तेव्हाही भांडी हातात असायचीच. माझी अंथरुणातून दिसायची. सकाळचं ते पांघरुणातलं निळं ऊन मी इतकी वर्षं "आमच्या घराचं" म्हणून जपलं. ते आम्हा मुलांचं होतं. तिने ओळखलं नाही म्हणून दिवसभर जे टोचत होतं, ते आता तितकंसं टोचत नाही. थोडं टोचतंय अजून. खोटं कशाला लिहू?

मी सनकॅचर हॉलमध्ये लावणार होते, पूर्वेच्या खिडकीला. मार्गशीर्षातलं ऊन तिरकं असतं, थेट समोरच्या भिंतीपर्यंत जातं. आईला विचारलं तर म्हणाली, ओट्यावरच्या खिडकीला लाव. ती पश्चिमेची, तिथे चारशिवाय ऊन येत नाही. पण चारला ती तिथेच असते, चहा करत. तिथेच लावणार.

आता तिच्यासाठी लाल-पिवळी कमान करायची आहे, मागे दिवा ठेवता येईल अशी. आजकालचा पांढरा दिवा नको, जुन्या बल्बसारखा पिवळा. लाल काच बाजारातली घेणार नाही. वाड्यातली लाल दादाकडे आहे, मोठा तुकडा, मला माहीत आहे. उद्या त्याला फोन करते. बाकीचा विषय त्याने काढला तर काढू दे.