आमची वाटचाल : पान आम्ही लावतो, अक्षर वाचक ठरवतो

आमचा व्यवसाय सुरू झाला तो डीटीपीवर, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावून देण्यावर. सांगलीतल्या पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. पेजमेकर या प्रोग्राममध्ये पान लावायचं, ट्रेसिंग कागदावर प्रिंट काढायची आणि ऑफसेटवाल्याकडे पोचवायची. छापील मजकूर ११ पॉइंटात लावला की तो सगळ्यांना ११ पॉइंटातच वाचावा लागतो, म्हणून लावणाऱ्याची जबाबदारी मोठी. त्यात मराठी ओळीच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ओळींमधलं अंतर जरा कमी पडलं तरी वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. ही नजर आम्हाला छपाईनं दिली.

वेबसाइटची कामं येऊ लागली तेव्हा मराठी वाचायचं तर त्या त्या साइटचा फाँट आधी उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. कित्येक जण मजकुराचं चित्रच करून लावत. चित्रातली अक्षरं मोठी केली की फुटतात, शोधता येत नाहीत, अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला कळत नाहीत. मग युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) रुळलं आणि वाचक तोच मजकूर आपल्याला हव्या त्या आकारात, हव्या त्या फाँटात वाचू लागला. छपाईत हे कधीच शक्य नव्हतं. आम्हाला हा बदल फार मोलाचा वाटला आणि आमच्या कामाची दिशा तिथेच ठरली.

ग्राहकाला मात्र साइट लेटरहेडसारखी हुबेहूब हवी असते, सगळ्या पडद्यांवर एकसारखी. अशा वेळी आम्ही सीएसएसचा, म्हणजे वेबपानाची अक्षरं, रंग, मांडणी कशी दिसावी याचे नियम लिहायच्या भाषेचा, इतिहास सांगतो. होकॉन व्युम ली यांनी १९९४ मध्ये, सर्न या संशोधन संस्थेत असताना, ही कल्पना मांडली. पान लिहिणारा आणि वाचणारा, दोघांच्या पसंतीचा मेळ घालायचा, हे त्या कल्पनेतच होतं. १९९६ मध्ये पहिली आवृत्ती प्रमाण झाली. तिच्यात दोघांनीही 'महत्त्वाचा' अशी खूण केलेले नियम समोरासमोर आले, तर पान करणाऱ्याचा नियम लागू व्हायचा. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटं केलं गेलं आणि शेवटचा शब्द वाचकाचा झाला. पुढे क्रोमनं २०१४ मध्ये वाचकाची स्वतःची स्टाइलशीट, म्हणजे अशा नियमांची यादी, लावायची सोय काढून टाकली, त्यामुळे त्या ब्राउझरात आता एक्स्टेंशनचा (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा) आधार घ्यावा लागतो. आम्ही मात्र शेवटचा शब्द वाचकाचा, हा अधिकार मानून काम करतो.

एका पतसंस्थेचं उदाहरण. व्यवस्थापक साहेबांना बारीक, फिकट राखाडी अक्षरं हवी होती, दिसायला नाजूक म्हणून. आम्ही म्हटलं, साहेब, तुमचे ठेवीदार बहुतेक निवृत्त मंडळी, त्यांच्या फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं असतं. तसाच फोन घेऊन त्यांच्यासमोर त्यांची जुनी साइट उघडली. ती बाजारातल्या तयार टेम्प्लेटवर केलेली होती. मुदत ठेवीच्या तक्त्यातला व्याजदराचा रकानाच पडद्याबाहेर गेला होता. साहेबांनी स्वतः दोन-तीनदा पान सरकवून पाहिलं, आणि मग पुढे वाद राहिला नाही. नव्या साइटवर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक ४.५ : १ च्या खाली जाऊ दिला नाही. अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी निदान एवढा फरक सांगितलेला आहे.

तरीही सगळं वाचकावर सोपवून आम्ही मोकळे होत नाही. बहुसंख्य लोक सेटिंगला कधीच हात लावत नाहीत, त्यांना पहिल्याच नजरेला सुखानं वाचता आलं पाहिजे. म्हणून मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्त सारखा नीट बांधलेला फाँट घेतो, ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवतो, ओळ फार लांब होऊ देत नाही. मोबाइलच्या अरुंद पानावर मजकूर दोन्ही कडांना ताणत नाही, शब्दांमध्ये भगदाडं पडतात. अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये बांधत नाही, वाचकानं ब्राउझरमध्ये ठरवलेल्या मूळ आकाराच्या पटीत देतो. दोन बोटांनी मोठं करणं तर कधीच बंद करत नाही. आयफोननं २०१६ पासून अशी बंदी मानणंच सोडलं, तरी लोक अजून ती घालतात, याचं वाईट वाटतं.

देवनागरीसाठी एक गोष्ट वेगळी. सुलभतेच्या त्याच निकषांच्या २०१८ च्या आवृत्तीत, वाचकानं अक्षरांमधलं, शब्दांमधलं, ओळींमधलं अंतर वाढवलं तरी मजकूर कापला जाऊ नये, अशी अट आहे. रोमन लिपीत अक्षरं सुटी होऊन वाचायला मदत होते, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. म्हणून आमच्या बाजूनं अक्षरांमधलं अंतर शून्यच. मात्र चौकटींना ठरावीक उंची देत नाही, वाचकानं ओळी कितीही सैल केल्या तरी जागा वाढत जाते.

फायरफॉक्समध्ये साइटचे फाँट पूर्ण बंद करता येतात. तसं केलं की फाँटातून आणलेल्या खुणांच्या जागी रिकामे चौकोन दिसू शकतात. आमच्या साइटवर फोनची, शोधाची, मेनूची खूण एसव्हीजीमध्ये, म्हणजे फाँटावर अवलंबून नसलेल्या रेखाचित्रात, असते, त्यामुळे ती टिकते. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये न चुकता करतो. ज्या फाँटांत सोय आहे तिथे तेवढ्यानं ल आणि श मराठी वळणाचे येतात.

सरकारी साइटवरच्या अ-, अ, अ+ बटणांचा आग्रह बरेच ग्राहक धरतात. ती आम्ही देतो, पण त्यासोबत ब्राउझरचं सेटिंग कसं बदलायचं तेही एका पानावर लिहून देतो, कारण ते इतर साइटवरही उपयोगी पडतं.

एका गोष्टीला मात्र आम्ही ठाम नकार देतो : 'मजकूर कुणी कॉपी करू नये, म्हणून निवडताच येऊ नये असं करा.' निवडता आलं नाही की वाचकाला शब्दाचा अर्थ पाहता येत नाही, हवा तेवढाच उतारा फोनकडून वाचून घेता येत नाही. नक्कल करणारा तरीही वाट काढतोच. या नकारापायी काही कामं दुसरीकडे गेली, ती जाऊ दिली.

आता कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं : साइट ताब्यात देण्यापूर्वी अक्षर दुप्पट करून, फाँट बंद करून, गडद रंगात आणि रीडर मोडमध्ये (ब्राउझरच्या फक्त मजकूर दाखवणाऱ्या सोयीत) प्रत्येक प्रकारचं पान तपासलं जाईल, आणि तपासणीला ग्राहकाकडचा एक माणूस सोबत बसेल. शक्यतो चष्मा लावणारा पाठवा, असंही आम्ही सांगतो.