ऑफ म्हणजे नक्की काय? तुम्ही विचारलंत म्हणून

मी गोव्यात फोंड्याला संध्याकाळी इंग्लिश शिकवते, साडेसहा ते आठ. येणारे बहुतेक कामावरून थेट येतात, कोणी हॉटेलात, कोणी दुकानात, दोन-तीन नर्सिंगच्या मुली, एक बस कंडक्टर. आणि प्रत्येक बॅचमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी विचारतंच, टीचर, या ऑफचा काय तो एक अर्थ सांगून टाका ना. लाईट ऑफ म्हणजे बंद, मग अलार्म ऑफ झाला म्हणजे वाजला कसा? दूध ऑफ म्हणजे खराब, डे ऑफ म्हणजे सुट्टी, ट्वेंटी परसेंट ऑफ म्हणजे स्वस्त आणि विमान टेक ऑफ झालं म्हणजे उडालं, एकाच शब्दाने बंद पण पडायचं आणि उडायचं पण? लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशींनीसुद्धा हेच विचारलंय मला, नातवाचा अभ्यास घेताना अडल्या होत्या म्हणून. तेव्हा एकदा नीट लिहून टाकते.

हा प्रश्न माझा स्वतःचाही आहे, पाचवीपासूनचा. चौथीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत आणि पाचवीत एकदम इंग्लिश मीडियम, गोव्यात आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांचं असंच झालंय. परीक्षेत उतारा होता, चोर रात्री दुकानात शिरतात, द अलार्म वेन्ट ऑफ, आणि चोर पळून जातात. प्रश्न, चोर का पळाले? मी लिहिलं, अलार्म बंद पडला म्हणून. लिहितानाच मनात येत होतं की बंद पडल्यावर पळायचं कशाला, उलट बरंच झालं की त्यांना, पण ऑफ म्हणजे बंद हे मला पक्कं माहीत होतं, घरात प्रत्येक बटणाखाली तेच लिहिलेलं. लाल फुली मिळाली. विचारायला गेले तर सांगितलं की ते तसंच असतं, पाठ कर. मी पाठ केलं, पण ती फुली मनातून गेली नाही.

उत्तर मिळालं ते बऱ्याच वर्षांनी आणि इंग्लिशच्या पुस्तकात नाही. बाबांचं एक चावीचं गजराचं घड्याळ होतं, डोक्यावर दोन वाट्या आणि मध्ये छोटी हातोडी असलेलं. गजर होईना म्हणून मी ते बाजारात घड्याळवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि चिमट्याच्या टोकाने आतली एक बारीकशी पट्टी दाखवली. गजराची स्प्रिंग आधीच गुंडाळून ताणलेली असते, हातोडी ठोकायला तयारच असते, ही पट्टी तिला अडवून धरते, आणि ठरलेली वेळ आली की पट्टी बाजूला होते. पट्टी अडकली होती. काकांनी ती चिमट्याने हलकेच उचलली मात्र, त्या शांत दुकानात असा खणखणाट झाला की शेजारचा फुलवाला वळून बघायला लागला. काका म्हणाले, "हें सुटलें म्हणटकच वाजता, बाय."

सुटलं की वाजतं. मी घरी येईपर्यंत तेच घोकत होते. अलार्म वेन्ट ऑफ म्हणजे अलार्म सुटला! बंदुकीचा चाप ओढला की गोळी सुटते, इंग्लिशमध्ये तिथेही गन वेन्ट ऑफच म्हणतात. आणि लाईटचं बटण? त्याच्या आत धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकलेले असतात, बटण ऑफ केलं की ते एकमेकांपासून सुटतात आणि दिवा जातो. म्हणजे दोन्हीकडे झालंय एकच, टेकलेलं सुटलं, अडकलेलं सुटलं. त्यातून कुठे अंधार होतो आणि कुठे घंटा वाजते, तो त्या त्या वस्तूचा स्वभाव. ऑन म्हणजे टेकलेलं, लागलेलं, ऑफ म्हणजे सुटलेलं. बंद हा अर्थ नाहीच मुळात, तो बटणापुरता परिणाम आहे, आणि आपण सगळे ऑफ पहिल्यांदा बटणाखाली वाचतो म्हणून जन्मभर अडकून बसतो.

आता आपला सुटणे घ्या आणि शेजारी ऑफ ठेवून बघा. शाळा सुटते, बस सुटते, सुट्टी मिळते, दुकानदार सूट देतो, कंडक्टर सुटे मागतो, गाठ सुटते, दारू सुटते, वारा सुटतो. सुट्टी म्हणजे डे ऑफ, सूट म्हणजे ट्वेंटी परसेंट ऑफ, मी निघालो म्हणजे आय ॲम ऑफ, दारू सोडली म्हणजे ही इज ऑफ अल्कोहोल, कर्ज फेडून मोकळा झालो म्हणजे पेड इट ऑफ. आमच्या किनाऱ्यावर जून लागला की हॉटेलांचे बोर्ड लागतात, ऑफ सीझनला अमुक टक्के ऑफ, एका ओळीत दोनदा ऑफ, आणि मराठीत दोन्ही एकाच धातूने निभावतात, गर्दीतून सुटलेले दिवस आणि किमतीतून दिलेली सूट. मी वर्गात हे फळ्यावर लिहिते तेव्हा पोरं आपापली उदाहरणं ओरडून सांगायला लागतात, आणि कालपर्यंत मुकाट बसलेला सगळ्यात मोठ्याने ओरडतो, ते बघणं मला फार आवडतं. लोक म्हणतात इंग्लिश शिकायचं तर डोक्यातून मराठी काढून टाका. मला हे मुळीच पटत नाही. माझ्या वर्गात इंग्लिशची अर्धी कुलुपं मराठीच्या किल्लीने उघडतात.

तसं एका शब्दाला ढीगभर अर्थ असणं इंग्लिशमध्ये नवीन नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात नुसत्या रन या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, २०११ मध्ये ते काम झालं तेव्हा, त्याआधी कितीतरी वर्षं तो मान सेटकडे होता. पण रनमुळे कोणाचा पगार कापला गेलेला मी पाहिला नाही, ऑफमुळे पाहिलाय.

माझा एक विद्यार्थी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात वेटर आहे, सत्तरी तालुक्यातल्या गावचा मुलगा, कामाला एकदम चोख. एका म्हाताऱ्या इंग्रज पाहुण्याला त्याने इसवणाचे, म्हणजे सुरमईचे, तळलेले तुकडे वाढले. पाहुण्याने एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला, ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाला, आय थिंक द फिश इज ऑफ. या पोराला वाटलं, मासा संपला का असं विचारतोय. तो हसून म्हणाला, येस सर, फिश ऑफ, बट प्रॉन्स देअर. म्हणजे मासा खराब आहे हे मान्य आणि वर कोळंबी विकतोय! पाहुणा उठून गेला, मॅनेजरने पोराचे त्या दिवसाचे अर्धे पैसे कापले. संध्याकाळी तो वर्गात आला तेव्हा वही उघडलीच नाही त्याने.

मी त्याला पहिली गोष्ट ही सांगितली की तुझा अर्थ खोटा नव्हता. ब्रिटिश लोक हॉटेलात द सूप इज ऑफ असं म्हणतात तेव्हा सूप आज मिळणार नाही, मेन्यूवरून सुटलंय, असाही अर्थ होतो. आणि दूध, मासे, मटण ऑफ असतं तेव्हा ते चांगल्यातून सुटलेलं असतं, वास सुटतो तसं. दोन्ही एकाच शब्दात आहेत, कोणता घ्यायचा ते समोर बघून कळतं. मासा ताटात आहे, घास खाऊन काटा खाली ठेवलाय, म्हणजे संपल्याची गोष्ट चाललेली नाही. कान इंग्लिशकडे ठेव पण डोळे ताटाकडे ठेव, एवढंच त्याला म्हटलं.

दुसरा नेहमीचा प्रश्न पणजीचा. मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी असतात, त्यांना ऑफशोर कॅसिनो म्हणतात, आणि लोक विचारतात की काठावरून बोर्ड वाचता येतो एवढी जवळ आहेत, मग ऑफशोर कसली? कॅसिनो नदीत असावेत की नसावेत यावर माझं मत कडक आहे, ते इथे नको, पण शब्द बरोबर आहे. ऑफ अंतर सांगतच नाही, फक्त टेकलेलं नाही एवढंच सांगतो. जहाज आणि काठ यांच्यात हातभर पाणी असलं तरी ते शोरपासून सुटलेलंच, म्हणून तर माणसांना छोट्या बोटीने न्यावं लागतं. आणि पेपरात ऑफ द गोवा कोस्ट असं येतं तेव्हा जहाज मैलोन्‌मैल दूर असू शकतं. याच कुटुंबातला ऑफिंग हा शब्द मला फार देखणा वाटतो. आग्वादच्या किल्ल्यावरून पश्चिमेला बघा, किनाऱ्याजवळचं पाणी सोडून पलीकडचा जो समुद्र नजरेत मावतो तो ऑफिंग. तिथे शीड दिसलं की जहाज आता येणार, म्हणून लवकरच होणाऱ्या गोष्टीला इन द ऑफिंग म्हणतात. सुटलेल्या पाण्यातून येणाऱ्याची चाहूल लागते.

खेळातलं थोडक्यात. फुटबॉल आमच्याकडे घराघरात, त्यामुळे ऑफसाइड लहान मुलाला पण माहीत असतो, पण तिथे साइड म्हणजे बाजू नाही, आपला संघ. आपल्या गड्यांपासून सुटून पुढे गोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलेला तो ऑफसाइड. क्रिकेटची ऑफ साइड वेगळी, ती घोडागाडीच्या काळातली. घोड्यावर डावीकडून चढायचं म्हणून डावी ती निअर, पलीकडची उजवी ती ऑफ. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅट्समनचं तसंच, पायांपासून लांबची ती ऑफ.

आणि एक चूक मात्र सोडा, हात जोडून सांगते. साहेबांनी विचारलं उद्या येशील ना, की उत्तर टाइप होतं ऑफ कोर्स सर, दोन एफ लावून. अर्थातवाला जो शब्द आहे त्यात एकच एफ, उच्चार ऑव्हसारखा. दोन एफ लावलेत की अर्थ होतो वाट चुकलेला, मार्गावरून भरकटलेला, जहाजाबद्दल म्हणतात तसं. गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द जुन्या इंग्लिशमध्ये एकच होते, जोर देऊन म्हटला तो ऑफ झाला आणि घाईत पुटपुटला तो ऑव्ह, पुढे स्पेलिंगही वेगळी झाली. ऑफिस आणि ऑफर यांचा मात्र याच्याशी काही संबंध नाही, ते लॅटिनमधून आलेत.

आता सगळ्यात आवडीची गोष्ट. ऑफचं एक सख्खं भावंड आपल्या तोंडात रोज असतं, अप. अपहरण, अपमान, अपयश यातला अप. अप म्हणजे दूर, पासून वेगळं. अपहरण फोडून बघा, हरण म्हणजे नेणं, अप म्हणजे दूर, आणि इंग्लिशमध्ये कॅरी ऑफ, जोडी तंतोतंत जमते. दोन्ही एकाच फार जुन्या शब्दाची लेकरं. प चा फ कसा झाला, तर इंग्लिशच्या घराण्यात तो जागोजागी झालाय, पिताचा फादर, पादचा फूट, पंचचा फाइव्ह. याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने १८२२ मध्ये तो नियम नीट मांडला म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. (इंग्लिशचा अप दिसायला आपल्या अपसारखा असला तरी फसू नका, त्याचं नातं आपल्या उपशी.)

आणि हे नातं अंधुकसं का होईना, ज्यांना अगदी सुरुवातीला जाणवलं त्यांच्यातला एक माणूस आमच्या गोव्यातला. म्हणजे जन्माने इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात आले ते इथेच वारले, १६१९ मध्ये. १५८३ मध्ये त्यांनी भावाला पत्र लिहिलं त्यात इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं नोंदवलंय, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या कलकत्त्याच्या प्रसिद्ध भाषणाच्या दोनशे वर्षं आधी. याच माणसाने पुढे मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये इथेच रायतूरला छापलं. फोंड्याहून मडगावला जाताना बोरीचा पूल लागतो, तिथून रायतूर काही लांब नाही. मी जाते तेव्हा प्रत्येक वेळी आठवण येते, की ऑफच्या देशात जन्मलेल्या माणसाने अपच्या देशात येऊन ओव्या लिहिल्या, आणि आम्हाला मात्र पाचवीत सांगितलं गेलं, पाठ कर.

सुटणेने सगळंच सुटत नाही हेही सांगते, फसवणार नाही. वेल ऑफ म्हणजे खाऊनपिऊन सुखी, तिथे माझी युक्ती ताणून लावावी लागते, तो सरळ लक्षात ठेवा. टेल ऑफ म्हणजे झापणं, तोही. फिनिश ऑफ, किल ऑफ अशा ठिकाणी आपला टाकणे जास्त जवळचा, संपवून टाकलं, मारून टाकलं. बाकी नव्वद जागी आधी सुटणे लावून बघा आणि मगच कोश उघडा.

तो सत्तरीचा मुलगा अजून येतो वर्गाला. गेल्या महिन्यात एका बाईंनी भाजी फारच खारट आहे म्हणून ताट सरकवलं. हा ताटाकडे बघून म्हणाला, सॉरी मॅडम, आय विल टेक इट ऑफ युअर बिल. बाई हसल्या, थँक यू म्हणाल्या, बिलातून भाजी वजा झाली. वर्गात आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी, दारातूनच मला म्हणाला, टीचर, आज मी ऑफ वापरला, आणि तो बरोबर सुटला.