प्रतिवेदकांच्या मेजावरची ३४ वर्षे

महाराष्ट्र विधानमंडळाच्या सभागृहातील बोलणे शब्दशः टिपणाऱ्या आमच्या ज्येष्ठ प्रतिवेदक मॅडम मे २०२५ च्या अखेरीस नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्या. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावली गेली अशा त्यांच्या पिढीतील असंख्य कर्मचाऱ्यांप्रमाणे त्यांचाही सेवेचा शेवटचा दिवस ३१ मे हाच होता. त्या वर्षी तो शनिवारी आल्यामुळे निरोप समारंभ आदल्या दिवशी झाला. मानपत्राचा मसुदा माझ्याकडे होता आणि त्यात मी ‘शासनाची ३४ वर्षे अखंड सेवा’ असे लिहिले होते. छपाईला जाण्यापूर्वी कागद त्यांच्या नजरेखाली गेला, तेव्हा त्यांनी ‘शासनाची’ हा एकच शब्द खोडून वर ‘सभागृहाची’ असे लिहिले आणि काही न बोलता तो मला परत दिला. त्यांच्याविषयी लिहावे असे मी त्याच वेळी ठरवले. नाव लिहायचे नाही, या अटीवर त्यांनी परवानगी दिली.

त्यांनी केलेली दुरुस्ती केवळ भावनेची नव्हती. राज्यघटनेच्या १८७ व्या अनुच्छेदात राज्य विधानमंडळासाठी स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असेल, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामागे मोठा झगडा आहे. मुंबईच्या कायदेमंडळात सभासद म्हणून काम केलेले विठ्ठलभाई पटेल १९२५ मध्ये केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा त्या सभागृहाचे कार्यालय सरकारच्याच एका खात्याच्या ताब्यात होते. ज्या सरकारला सभागृहाने प्रश्न विचारायचे, त्याच सरकारचे नोकर सभागृहाचे दप्तर सांभाळत असतील तर अध्यक्षांचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते, हा विठ्ठलभाईंचा मुद्दा होता. सप्टेंबर १९२८ मध्ये सभागृहाचे कार्यालय स्वतंत्र असावे, असा मोतीलाल नेहरूंनी मांडलेला ठराव सभागृहाने मंजूर केला आणि १० जानेवारी १९२९ पासून स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला. मॅडमना ही तारीख पाठ होती. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला त्या पहिल्याच आठवड्यात ती सांगत, कारण आपण कोणाचे कर्मचारी आहोत हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती पेन्सिल देऊ नये, असे त्यांचे मत होते.

प्रतिवेदकाचे काम बाहेर फारसे कोणाला माहीत नसते. पीठासीन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे बैठक चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींच्या, आसनासमोरच्या मेजाशी बसून, आपल्या पाळीत सभागृहात उच्चारला गेलेला प्रत्येक शब्द लघुलेखनात टिपायचा, पाळी संपली की उठून शाखेत जायचे, तो मजकूर उतरवायचा, तपासायचा आणि पुढच्या पाळीसाठी पुन्हा सभागृहात परतायचे, असा हा क्रम बैठक मध्यरात्रीपर्यंत लांबली तरी चालूच राहतो. मॅडम १९९१ मध्ये रुजू झाल्या त्या मराठी लघुलेखनाच्या बळावर. पुढे संगणक आले, ध्वनिमुद्रण सुधारले, कामकाजाचे थेट प्रक्षेपण होऊ लागले, तरी दहा सदस्य एकाच वेळी उभे राहून बोलत असताना कोणते वाक्य कोणाचे आहे, हे यंत्राला कळत नव्हते आणि त्यांना मात्र कळत होते. विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी बहुतेकांचे आवाज त्या मान वर न करता ओळखत.

त्यांच्या टेबलावर एक जाडजूड वही असे आणि तिच्यात महाराष्ट्रातील गावांची नावे होती. सभागृहात एखादे सन्माननीय सदस्य उठतात आणि ‘कर्जतच्या पाणीपुरवठा योजनेचे काय झाले’ असे विचारतात. आता हे कर्जत रायगडचे की अहिल्यानगरचे? कळंब धाराशिव जिल्ह्यातही आहे आणि यवतमाळमध्येही. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव म्हटले की सर्वांना नाशिक जिल्हा आठवतो, पण वाशीमच्या सदस्याने त्याच्या जिल्ह्यातील मालेगावविषयी विचारलेले असते. शिरूर तर तीन आहेत, पुण्याचे नुसते शिरूर, बीडचे शिरूर कासार आणि लातूरचे शिरूर अनंतपाळ, आणि बोलणारा बहुधा ‘आमच्या शिरूरला’ एवढेच म्हणतो. मॅडम वक्ता कोण, त्याचा मतदारसंघ कोणता, आधीच्या प्रश्नात कोणत्या नदीचा उल्लेख होता, हे सारे जुळवून पाहत आणि तरीही शंका राहिली तर संबंधित सदस्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय पान पुढे जाऊ देत नसत. वाड्या, पाडे, तांडे, लघुपाटबंधारे तलाव यांची नावे तर कोणत्याही छापील यादीत सहज सापडत नाहीत. ती त्यांनी वर्षानुवर्षे विचारून विचारून गोळा केली होती. मला त्यांची सर्वांत मोठी सार्वजनिक सेवा कोणती वाटते, असे कोणी विचारले तर मी या वहीकडे बोट दाखवीन. एका पाड्याचे नाव सभागृहाच्या कार्यवाहीत अचूक नोंदले गेले, तर वीस वर्षांनी कोणी ती पाने उघडल्यावर त्या पाड्याचा प्रश्न मांडला गेला होता, हे सापडते.

अचूकपणाचे दुसरे कारण अधिक तातडीचे आहे. मंत्री उत्तर देताना ‘तपासून पाहू’ म्हणाले की ‘तपासून तीन महिन्यांत कारवाई करू’ म्हणाले, यावर पुढचे बरेच काही ठरते, कारण मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने याच कार्यवाहीतून वेचून काढली जातात आणि ती पाळली गेली का, याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. त्यामुळे ‘महिन्यांत’ आणि ‘महिन्यांनी’ यांतील फरकासाठी मॅडम ध्वनिफीत चार चार वेळा ऐकत.

त्यांच्याकडून मी जे शिकले त्यातील एक प्रसंग माझ्या चुकीचा आहे. डिसेंबर २०१७ चे नागपूर अधिवेशन होते आणि विदर्भातील कापसावर पडलेल्या गुलाबी बोंडअळीवर चर्चा चालू होती. एका सदस्यांनी आपल्या भागात मुदतीआधीच उलंगवाडी झाल्याचे सांगितले. मी मूळची कोकणातली. शब्दाचा ढोबळ अर्थ विचारून घेतला आणि मजकूर शुद्ध करण्याच्या भरात ‘कापसाची वेचणी संपली’ असे लिहून मोकळी झाले. मॅडमनी पान परत पाठवले. रात्री उशिरा समोर बसवून त्यांनी मला समजावले की वेचणी संपली म्हटले की कापूस घरात आला असे वाचणाऱ्याला वाटेल, आणि हा सदस्य तर शेत रिकामे करण्याची वेळ वेचण्या पुऱ्या होण्याआधीच आली, असे सांगत आहे. त्याची तक्रारच तू पुसून टाकलीस. व्याकरण नीट करावे, अर्धवट वाक्य जुळवावे, पण माणसाच्या मुलखाचा शब्द बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी त्या रात्री सांगितले आणि त्यानंतर मी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी शब्दाला कधी हात लावला नाही.

त्यांच्या मौनाविषयीही लिहायला हवे. पीठासीन अधिकाऱ्यांनी एखादा शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा निर्णय दिला की तो शब्द मॅडमच्या पानावरून जाई आणि तोंडातूनही जाई. ‘नेमके काय म्हणाले हो?’ असे ओळखीपाळखीचे लोक जेवणाच्या सुट्टीत विचारत. उत्तर कधीही मिळाले नाही. ३४ वर्षांत किती सरकारे आली आणि गेली, सत्ताधारी बाकांवरचे विरोधी बाकांवर आणि विरोधी बाकांवरचे सत्तेत जाऊन बसले, पण मॅडमचे मत कोणाला, हे शाखेत एकालाही सांगता येणार नाही.

वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याच्या १९५३ च्या नागपूर कराराला जागून बहुतेक दर डिसेंबरात सारे सचिवालय दप्तरासह नागपूरला जाते. घरी लहान मुले असतानाही मॅडमनी ते दौरे चुकवले नाहीत. कर्मचाऱ्यांसाठीच्या १६० खोल्यांच्या गाळ्यांतील मुक्काम, पहाटेची थंडी आणि रात्रीची पाने यांविषयी त्यांनी कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही. २०२० मध्ये करोनामुळे हिवाळी अधिवेशन मुंबईतच दोन दिवसांचे झाले, त्या १४ आणि १५ डिसेंबरचे कष्ट मात्र त्यांच्या आजही लक्षात आहेत. सदस्यांच्या तोंडावर मुखपट्टी होती. ओठ दिसत नव्हते. आपण इतकी वर्षे कानांइतकेच डोळ्यांनीही ऐकत होतो, हे तेव्हा उमगल्याचे त्यांनी आम्हाला सांगितले.

निरोपाच्या दिवशी शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला. सहकारी भरभरून बोलले, आणि मॅडमनी उत्तरादाखल जेमतेम पाच मिनिटे घेतली. त्यांतील तीन मिनिटे त्यांनी शाखेतील शिपायांचे, टंकलेखकांचे आणि रात्री उशिरा घरी सोडणाऱ्या वाहनचालकांचे आभार मानण्यात घालवली.

३० जून २०२५ ला पावसाळी अधिवेशन सुरू झाले आणि पाळ्यांच्या तक्त्यात प्रथमच त्यांचे नाव नव्हते. गावांची वही त्या शाखेतच ठेवून गेल्या आहेत, परंतु सगळे काही वहीत नसते. म्हणून त्याआधीच मी त्यांना फोन केला आणि कधी अडले तर, कोणते कर्जत, एवढेच विचारायला फोन केलेला चालेल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “अधिवेशन चालू असेपर्यंत रात्री कितीही वाजता कर. बारानंतर केलास तर आधी बैठक कोणाच्या अध्यक्षतेखाली चालू आहे ते सांग.”