आमची वाटचाल : जुन्या घरांची ओल आणि काँक्रीटचे दिवस

आमचं जुनी घरं दुरुस्त करायचं काम सुरू झालं ते पुरामुळे. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा मी सिव्हिलचा डिप्लोमा करून एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर होते आणि माझे मामा गवंडीकाम करत होते. नाशिककर पूर मोजतात तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, असं गावभर बोललं जातं. मारुती पाण्याबाहेर आला की आपण पूर संपला म्हणतो. नदीकाठच्या जुन्या घरांच्या भिंतींतलं पाणी मात्र पुढे वर्षभर निघत असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिलं काम मिळालं ते जुन्या नाशकातल्या एका वाड्याचं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यातलं वीटकाम, सागवानी तुळया. मागच्या चार खणांत एक आजी एकट्या राहत होत्या. भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल होती आणि चुन्याचा गिलावा पापुद्र्यांनी सुटत होता. आम्ही तो सगळा खरवडला आणि पाच फुटांपर्यंत एकास चारचं सिमेंट प्लास्टर केलं, वॉटरप्रूफिंगची पावडर घालून. दिवाळीआधी रंग लागला, भिंत आरशासारखी दिसत होती. शेजारपाजारच्यांनी ते बघूनच सहा कामं दिली. मी नोकरी सोडली, मामांनी दुसऱ्यांच्या हाताखाली जाणं सोडलं आणि आमची फर्म उभी राहिली.

दोन पावसाळ्यांनी आजींचा फोन आला. "पोरी, ओल आधी गुडघ्याला होती गं. आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय."

गेलो तर खरंच तसं होतं. खालचं प्लास्टर जसंच्या तसं, कडक, आणि त्याच्या वरच्या कडेपासून पुढे भिंत काळपट पडलेली, लोणा लागलेली. मामांनी छिन्नीनं प्लास्टरचा एक तुकडा उडवला. आतली वीट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती, नखानं निघत होती. मी शिडीवर चढून तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो दोन बोटं आत गेला.

कारण साधं होतं. जुन्या भिंतीला खाली पाणी तोडणारा डीपीसीचा थर नसतो. जमिनीतली ओल वातीतल्या तेलासारखी विटांमधून वर चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, हवेत वाळू देतो, म्हणून ती गुडघ्याशी थांबलेली असते. आम्ही सिमेंटनं तिची बाहेर पडायची वाट बंद केली, आणि ती वाट शोधत वर, थेट लाकडापर्यंत गेली. आजींचं घर आम्ही सुधारलं नव्हतं, बिघडवलं होतं.

मामा त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे वडील चुन्याचं काम करायचे. मामांनी लहानपणी त्यांच्यासोबत कळीचा चुना विरवला होता, चुना दळायच्या घाणीवर मळला होता. ज्या गोष्टीत ते वाढले होते, तीच सिमेंटच्या गोणीच्या सोयीपायी ते विसरले होते, आणि याचं त्यांना फार लागलं. आम्ही सगळं प्लास्टर स्वखर्चानं काढलं. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. मग मुरवलेला चुना, वाळू आणि सुर्खी (विटांची पूड) यांचा गिलावा केला. तुळईचं कुजलेलं टोक कापून नवं सागवान जोडलं. तेव्हापासून आमचा नियम आहे : चुन्यातल्या भिंतीला चुनाच. कुणी कितीही आग्रह केला तरी.

वाडे हा आमच्या कामाचा लहान भाग. मोठा भाग आहे तो सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या आरसीसी घरांचा. कॉलेज रोड, गंगापूर रोडचे बंगले, सिडकोतली बैठी घरं आणि त्यांवर मालकांनी जमेल तसे चढवलेले मजले. इथे दुखणं सळईचं असतं. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या आसपास, आणि तोवर आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो आणि हा पीएच नऊच्या खाली उतरतो. त्यात वर गच्चीचा कोबा फुटलेला असला, पाणी मुरत असलं, की सळईला गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो सळईखालचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, ढकलून पाडतो. लोक म्हणतात, "स्लॅबचे पोपडे पडताहेत." पोपडे रंगाचे असतात. हे पडतं ते काँक्रीट.

अशा घरात मी आधी मामांची हातोडी घेऊन फिरते. धड जागी ती टणटण वाजते, सुटलेल्या जागी भद्द आवाज येतो, आणि तिथे मी खडूनं गोल करते. मग फोडलेल्या ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन मारते. काँक्रीट अजून जिवंत असेल तिथे ते गडद गुलाबी होतं. जिथे रंगच येत नाही, तिथवर कार्बन पोचलेला. घरमालकाला शिडीवर बोलावून मी हे दाखवते. शंभर शब्द बोलून जे पटत नाही, ते त्या गुलाबी रेषेनं पटतं, कारण सळई त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे डोळ्यांनी दिसतं.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ फोडण्यात आणि घासण्यात जातो, आणि नेमका तोच वेळ लोकांना वाया गेल्यासारखा वाटतो. आधी टेकू द्यायचे. मग सळईच्या मागे बोट जाईल इतकं काँक्रीट काढायचं, सळई सगळ्या बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासायची. ती फार झिजली असेल तर शेजारी नवी सळई पुरेसा लॅप देऊन, म्हणजे जुनीच्या धड भागावर पुरेशी लांबी घेऊन, बांधायची. त्यानंतर गंजरोधक लेप, जुन्याला नवं चिकटवणारा बाँडिंग कोट, आणि पॉलिमर मॉर्टर थराथरानं. नुसतं खालून प्लास्टर थापून पांढरा रंग दिला तर निम्म्या पैशांत होतं, दिसतंही छान, आणि दोन-तीन वर्षांत तेच प्लास्टर, जास्त वजनाचं होऊन, झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतं. हे काम आम्ही कधीच घेत नाही. आणि वरची गळती बंद केल्याशिवाय खालचा स्लॅब दुरुस्त करत नाही. गच्चीचा उतार, कोपऱ्यांतला वाटा (भिंत आणि गच्ची जुळते तिथली गोलाई), पाइपाचं तोंड, हे आधी.

आता थंडीचं सांगते, कारण आमची दुसरी मोठी चूक तिथली आहे. निफाड तालुक्यात एका द्राक्ष बागायतदाराच्या जुन्या धाब्याच्या घरावरची माती उतरवून स्लॅब टाकायचा होता. डिसेंबरचा शेवट, पुढे घरात लग्न. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या दिवसांत द्राक्षं वाचवायला बागांमधून पहाटे शेकोट्या पेटत होत्या. खोलीचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, चौदा फूट, म्हणजे साडेचार मीटरच्या आत. आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय कोडप्रमाणे एवढ्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी काढता येतात. आम्ही आठव्या दिवशी काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर स्लॅब मधोमध बोटभर बसला होता आणि खालून केसाएवढ्या भेगांची रांग दिसत होती.

घरी येऊन मी कोडचं ते पान पुन्हा काढलं. सात दिवसांच्या आकड्याच्या वरच तिथे अट लिहिलेली होती : साधं पोर्टलँड सिमेंट असेल, आणि हवेचं तापमान पंधरा अंशांच्या खाली जात नसेल, तर. आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे पोझोलाना (बहुधा फ्लाय ॲश) मिसळलेलं होतं, जे मुळातच हळू ताकद धरतं, आणि रात्री पारा सहा-सात अंशांवर येत होता. मी आकडा पाठ केला होता, अट नाही. स्लॅब तोडून नवा टाकला, खर्च आमचा. त्या वर्षाची कमाई त्यात गेली. लग्न मांडवात झालं. त्या काकांनी पुढे दोन वर्षांनी गोठ्याचं काम आम्हालाच दिलं, हे मी कधी विसरणार नाही.

तेव्हापासून साइटवर एक वही असते आणि तिच्यात पहाटेचं तापमान लिहिलं जातं. थंडीत आम्ही काँक्रीट सकाळी दहानंतरच ओततो, म्हणजे पहिले काही तास उन्हाचे मिळतात. संध्याकाळी वरून प्लॅस्टिक आणि गोणपाट. त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासून घेतो, आणि टेकू कधी काढायचे ते त्या आकड्यावर ठरतं, लग्नाच्या तारखेवर नाही. पाणी मारण्याचंही तसंच : पीपीसीला किमान दहा दिवस. थंडीत स्लॅब ओला दिसतो म्हणून माणसं पाणी मारायचं थांबवतात, पण उत्तरेकडून येणारा कोरडा वारा वरचा थर शोषून घेतो.

इगतपुरी आणि त्र्यंबकची कामं वेगळीच. शहरात पाऊस वरून पडतो, इगतपुरीत तो आडवा येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, जून ते सप्टेंबर धुकं, आणि भिंत चार महिने वाळत नाही. तिथल्या जुन्या बंगल्यांत मला छत कमी आणि जोतं, छज्जे, मागची मातीची भिंत जास्त बघावी लागते. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बोटभर खाच नसली तर पाणी उलटं वळून खिडकीच्या चौकटीत येतं. पाच मिनिटांचं काम, पण ओतकामाच्या वेळी एक पट्टी ठेवायची राहून गेली की घर पुढची तीस वर्षं ओल सोसतं. डोंगराकडच्या धारक भिंतीला पाणी निघायची भोकं आणि मागे खडीचा थर नसेल, तर भिंत कितीही जाड असो, भिजलेली माती तिला ढकलतेच. तिथलं काँक्रीट आम्ही मे अखेरपर्यंत आवरतो. जूनमध्ये कुणाचा फोन आला तर ताडपत्री आणि टेकू देऊन येतो, स्लॅब उघडत नाही. काही गिऱ्हाईकं यामुळे जातात.

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पुन्हा मोठा पूर आला. आजी तोवर मुलीकडे राहायला गेल्या होत्या, पण किल्ली शेजाऱ्यांकडे होती. भिंतीत पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. मी दर पंधरा दिवसांनी जाऊन खडूनं ओलीची रेघ मारून यायचे. दिवाळीपर्यंत ती मांडीशी आली, संक्रांतीला गुडघ्याखाली. कुणी काहीच केलं नव्हतं, नुसती दारं-खिडक्या उघडी ठेवली होती.

आज आम्ही अकरा जण आहोत. त्यांतली दोन पोरं चुना शिकताहेत. सिमेंटच्या कामात रोज हजेरी भरते, चुन्यात थांबावं लागतं, म्हणून शिकायला फारसं कुणी तयार होत नाही. या दोघांना आम्ही थांबलेल्या दिवसांचीही मजुरी देतो. मामांचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. पण दर बुधवारी ते यार्डात येतात, चुन्याच्या खड्ड्यावरचं गोणपाट बाजूला करतात, थापीवर चुना घेऊन ती उलटी धरतात. गेल्या बुधवारी पोरं दोन्ही बाजूंना उभी होती. चुना थापीवरून सुटून खाली पडला. मामांनी थापी धुतली, गोणपाट नीट पसरलं, म्हणाले, "अजून चार दिवस," आणि घरी गेले.